मदत हवी आहे: गोल्फच्या ड्रायव्हरला (लांब फटक्याच्या क्लबला) आर शाफ्ट घ्यावा की एस?

हिरवळ
आज-उद्यात शाफ्ट (क्लबचा दांडा) मागवायचाय. सध्याच्या शाफ्टने चेंडू सरळ निघतो आणि मग उजवीकडे वळून झाडीत जातो. आर (रेग्युलर, मऊ) घेऊ की एस (स्टिफ, कडक)? 'कोचला विचारा' नको, स्विंग (क्लब फिरवायची पद्धत) बदलायचे सल्लेही नकोत.

बंकरवासी
अहो, सध्याचा कुठला आहे? वजन किती? स्विंगचा वेग? हे म्हणजे डॉक्टरला फोन करून 'लाल गोळी घेऊ की पांढरी' विचारण्यासारखं झालं.

जुना_खेळाडू
उजवीकडे वळतो म्हणजे शाफ्ट कडक पडतोय. डोळे झाकून आर घ्या. एसच्या हौसेपायी बरेच जण गंडतात, माझंही तेच झालं होतं.

बंकरवासी
शाफ्टला एवढं श्रेय नका देऊ हो. आघाताच्या क्षणी फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघतोय आणि क्लब कुठल्या दिशेने येतोय, यातल्या फरकाने चेंडू वळतो. धागाकर्ते, पायाच्या पावडरचा स्प्रे मिळतो ना, तो फेसवर मारा आणि थोडे चेंडू मारून डाग कुठे उमटतात ते बघा. फेसच्या टाचेकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या टोकाला, असले तर चेंडू तसाही उजवीकडेच वळणार.

अक्षरशत्रू
आर, एस ही अक्षरं सगळ्या कंपन्यांत सारखी नसतात. एकीचा आर दुसरीच्या एसएवढा कडक निघतो. ढोबळमानाने ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर आर, ९५ ते १०५ असेल तर एस. पण वरून खाली येताना झटका देणाऱ्याला त्याच वेगाला जास्त कडक लागतो, संथ लयीवाल्याला मऊही चालतो. मी तर आधी वजन ठरवतो, अक्षर नंतर.

पटरप्रेमी
शाफ्ट राहू द्या, ग्रिप बदला. पटरला (चेंडू भोकात ढकलायच्या क्लबला) जाड ग्रिप लावल्यापासून माझं मनगट वळवळायचं थांबलं.

बंकरवासी
ड्रायव्हरबद्दल चाललंय, पटरबद्दल नाही.

जुना_खेळाडू
खरं सांगू? स्टील लावा. टायगर वूड्स २००० साली मेजरमागून मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकत होता तेव्हा त्याच्या ड्रायव्हरला स्टीलच होतं.

अक्षरशत्रू
काका, तो टायगर होता. आता व्यावसायिक टूरवरही ड्रायव्हरला सगळे ग्राफाइटच लावतात.

हिरवळ
किती प्रश्न! वेग सरावाच्या रेंजवरच्या मशीनवर ९६च्या आसपास येतो. शाफ्ट आर, ५० ग्रॅमचा. स्प्रे मारून पाहिला, डाग मधोमध आहेत. मी डावखोरा आहे, पण त्याने काय फरक पडतो?

बंकरवासी
काय फरक पडतो!! अहो, मग हा स्लाइस (चेंडू अंगापासून लांब वळणं) नाही, हुक (अंगाच्या बाजूला वळणं) आहे. वरचं सगळं उलटं करून वाचा.

जुना_खेळाडू
हे आधी सांगायला नको? माझा आरचा सल्ला मागे. स्टीलचा कायम.

अक्षरशत्रू
आता जरा उलगडतंय. वेग ९६, शाफ्ट हलका आणि मऊ, त्यात हुक. ६०-६५ ग्रॅमचा, टोकाकडे कडक आणि कमी टॉर्कचा (कमी पिळला जाणारा) एस कुणाकडून तरी मागून मारून बघा. हुक आटोक्यात येईल, पूर्ण जाईलच असं नाही. बंकरवासींचं फेसचं म्हणणं खरंच आहे. लांबी वाढवू नका, मधोमध लागणं अवघड होतं.

पटरप्रेमी
डावखोऱ्यांसाठी चांगले पटर कुठले, यावर वेगळा धागा काढू का?

हिरवळ
ठरलं, ६५ ग्रॅमचा एस. मागवतोय.

अक्षरशत्रू
थांबा! एका कंपनीचा शाफ्ट जोडायचा अ‍ॅडॅप्टर दुसरीच्या हेडला बसत नाही. हेड कुठल्या कंपनीचं आहे?