मदत हवी आहे: सबटायटलमधलं 'अहो-अरे' कुठे टिकतं?

कोरियन मालिकेत दोघांतलं अंतर मिटलं की वाक्याच्या शेवटचा 'यो' गळतो. 'गोमावोयो'चं 'गोमावो' होतं, आपल्या 'अहो'चं 'अरे' व्हावं तसं. खरं तर तोच प्रेमाचा प्रसंग! इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र दोन्हीकडे नुसतं 'थँक यू'.

चिनी राजवाड्याच्या मालिकांत तर फारच वाट लागते. सम्राट स्वतःला 'झन' म्हणतो, राणी 'छनछ्ये', दासी 'नूबी'. खाली इंग्रजीत तिघांचंही नुसतं 'आय', म्हणजे 'मी'. कोण कोणापुढे वाकलंय, हे कळणार कसं?

हिंदी सबटायटलमध्ये 'आप'वरून 'तुम'वर येणं त्याच प्रसंगात होतं का, की डबिंगमध्ये जास्त नीट सांभाळतात? मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक सांगितलात तर ताडून पाहता येईल.

दुसरं, चिनी अक्षरं चित्रातच छापलेली असतात, ती बंद होत नाहीत आणि आपली ओळ नेमकी त्यांच्यावर बसते. टीव्हीवर ओळ वर सरकवायची सोय कुठल्या ॲपमध्ये आहे? काळी पट्टी नको, चेहरे झाकले जातात.

(ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार नाही. चिनी मालिकांत मूळ आवाजही बरेचदा स्टुडिओत दुसऱ्याच कलाकाराने दिलेला असतो.)