फेल्टचं तोरण: पानं दुमडतात, झेंडू उलगडतो

प्रश्न: दिवाळीसाठी १ मिमी जाड फेल्टचं (तंतू दाबून केलेलं कापड) तोरण करतेय. आंब्याची पानं टांगली की दुमडतात, झेंडू सुटतो. काय चुकतंय?

– पान एकेरी कापलंय ना? दुहेरी घ्या. मधली शीर दोन्ही थरांतून धावदोऱ्याने शिवा. तोच पानाचा कणा.

– झेंडूसाठी ५ × ४० सेंमी पट्टी. लांबीला समांतर दुमडून (२.५ × ४० सेंमी होईल) घडीच्या बाजूने दर ५ मिमीवर कात्री मारा, खाली १ सेंमी सोडून. गुंडाळा, बुडातून आरपार टाके घाला. नुसता ग्लूगनचा (वितळवून लावायचा) गोंद दारावरच्या उन्हात मऊ पडतो, म्हणून फूल सुटतं.

– गुंडाळी फार आवळू नका, पाकळ्या फुलत नाहीत, फूल बुचासारखं दिसतं. आणि पॉलिएस्टर फेल्टवर थेट गरम इस्त्री नको, आकसतं. मध्ये सुती कापड!