पाटीवरच्या जुन्या अक्षरासारखा देवनागरी फॉन्ट सुचवा

धुरकट चहा: सांगलीत आजोबांचं 'श्री दत्त उपाहारगृह' होतं. मावसभाऊ ते दिवाळीत पुन्हा सुरू करतोय. माळ्यावर जुनी लाकडी पाटी सापडली. निळ्यावर पिवळं अक्षर, खाली लाल सावली. पण उभी चिरलीय, परत लावण्यासारखी नाही. त्याच वळणाचा फॉन्ट हवाय, पाटीला आणि मेनूकार्डाला. मंगल फॉन्टमध्ये टाइप करून पाहिलं, तर तहसीलदाराची नोटीस वाटली.

शिरोरेषा: यात्रा वन बघा. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय, टोकं तिरकी कापलेली, गाठी मोकळ्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट, धंद्यालाही चालतो. जाड-बारीक फरक ठसठशीत हवा असेल तर रोझा वन. फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप'चा मोदक माझा लाडका, पण अक्षरांची पोटं जवळजवळ बुजलेली. मेनूत बारीक छापलात तर वडा की बडा, कळणार नाही.

गोडघाशा: श्रीखंड घ्या की! मस्त जाडजूड आहे.

शिरोरेषा: नावावर जाऊ नका, तो गुजराती आणि रोमन आहे. देवनागरी टाइप केलंत तर दुसराच फॉन्ट दिसेल.

बोरू: काहीही घ्या, आधी 'शिरा' आणि 'लाडू' टाइप करून बघा. देठाचा श, पाकळीचा ल हे आपलं वळण. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं. काहींत मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. तिरो देवनागरी मराठी खास आपल्यासाठी आहे. पुस्तकी आहे, पाटीला नको, पदार्थांच्या यादीला सुरेख. जुन्या फोटोशॉपात वेलांटी भलतीकडे गेली तर वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावा.

आणि पाटीला फॉन्ट कशाला? फोटो टाका की.

धुरकट चहा: टाकला.

बोरू: अहो, सोनं आहे हे! 'उपाहारगृह'मधले दोन ह बघा. पहिला आवरून बसवलाय, शेजारच्या काना-र ला जागा हवी म्हणून. शेवटच्याची शेपटी उजवीकडे लांब ओढून उरलेली फळी भरून काढलीय. फॉन्टात दोन्ही ह एकाच साच्यातले येणार. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढायचे, तेव्हा अक्षर त्या त्या नाटकासाठीच घडवायचे. तुमच्या पेंटरनेही तेच केलंय. अगदी समोरून फोटो काढा आणि इलस्ट्रेटरात पेन टूलने गिरवा. ऑटो ट्रेस नको, तो चिरेचीही अक्षरं करतो.

शिरोरेषा: हे बेस्ट. मग यात्रा वन फक्त मेनूच्या मथळ्यांना.

धुरकट चहा: पटलं. पण 'श्री'ची वेलांटी निम्मी चिरेत गेलीय, आणि नावात दुसरी वेलांटीच नाही.

बोरू: त्याच पेंटरची गावात दुसरी पाटी असेल. खालच्या कोपऱ्यात सही बघा.

धुरकट चहा: आहे काहीतरी, काजळीखाली. घासलेटने पुसतो.

बोरू: घासलेट नको!! रंगच निघेल. ओलं फडकं घ्या, हलक्या हाताने.