‘माय सॅसी गर्ल’: दोष दिसत असूनही चित्रपट आवडतो तो कशामुळे?

प्रश्न (खानापूरहून)

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी खानापुरात पावसाने दिवसभर उसंत दिली नाही. टिळकवाडीत राहणारी माझी धाकटी बहीण आली होती. आम्ही दोघींनी उपशीर्षके वाचत २००१ सालचा ‘माय सॅसी गर्ल’ हा कोरियन चित्रपट पाहिला. दिग्दर्शक क्वाक जे-योंग; भूमिका जुन जी-ह्युन आणि चा ते-ह्युन यांच्या. आम्ही मनापासून हसलो आणि शेवटी बहिणीने डोळेही पुसले. मात्र रात्री जेवताना बोलू लागलो तेव्हा एकेक गोष्ट खटकू लागली. सैन्यातून पळालेल्या बंदूकधारी जवानाचा प्रसंग उगाच लांबतो, नायिका लिहीत असलेल्या पटकथांचे तुकडे मध्येच उपरे वाटतात, शेवट निव्वळ योगायोगावर उभा आहे, आणि ती नायकाला उठता-बसता मारते ते विनोद म्हणून दाखवले आहे. एवढे सगळे दिसत असताना चित्रपट आवडला, तो त्याच्या अंगच्या गुणामुळे की केवळ त्या दुपारमुळे?

उत्तर १ (निपाणीहून)

ताई, आपण सांगितलेला विस्कळीतपणा खराच आहे, पण त्याचे मूळ ठाऊक असले की तो वेगळा दिसू लागतो. किम हो-सिक या तरुणाने आपल्या प्रेयसीचे किस्से इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांनी लिहिले होते आणि त्यांवरून हा चित्रपट झाला. म्हणूनच त्याची चाल किश्शांची आहे. ‘पूर्वार्ध’, ‘उत्तरार्ध’ आणि ‘जादा वेळ’ असे खेळाच्या सामन्यासारखे भागही पाडले आहेत. पटकथेच्या तुकड्यांपैकी एक ह्वांग सुन-वोन यांच्या ‘सोनागी’ या कथेवर बेतलेला आहे. मुलामुलीच्या कोवळ्या प्रेमाची ही कथा कोरियात शाळेच्या पुस्तकातून घरोघरी पोहोचलेली आहे, आणि तिचा शेवट नायिका आपल्या मनासारखा बदलते. लहानपणी पाठ झालेल्या धड्याशी कोणी असा खेळ केला तर आपल्यालाही हसू येईल. तो धडा आपला नसल्यामुळे आपण कोरडे राहतो, इतकेच.

माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ एकाच प्रसंगात आहे. (शेवट ठाऊक करून घ्यायचा नसेल त्यांनी पुढचे वाचू नये.) नायिका दुसऱ्या एका तरुणाला भेटायला आलेली असते. ती बाजूला गेलेली असताना नायक त्या तरुणाला तिच्याशी कसे वागावे ते समजावून सांगतो: तीन पेल्यांपेक्षा जास्त पिऊ देऊ नका, कॅफेत कोलाऐवजी कॉफी मागवा, तिचे पाय दुखले तर बुटांची अदलाबदल करा, ओळखीच्या शंभराव्या दिवशी तिच्या वर्गात गुलाब घेऊन जा, तिला लिहायला आवडते तेव्हा उत्तेजन द्या. यांतली जवळपास प्रत्येक गोष्ट आपण तोवर विनोद म्हणून पाहिलेली असते. उंच टाचांचे बूट घालून तिच्यामागे धावणारा नायक पाहून आपण हसलो होतो. आता तोच प्रसंग म्हणजे त्याने या मुलीला किती बारकाईने ओळखले आहे याचा पुरावा ठरतो. ही एवढी जुळणी साधली म्हणून मी जवानाचा प्रसंग आणि योगायोग दोन्ही पोटात घालतो.

उत्तर २ (शहापूर, बेळगावहून)

वरील विवेचन मला पटले, पण मारण्याच्या बाबतीत मी सूट देणार नाही. ती पूर्वीच्या प्रियकराच्या मृत्यूच्या दुःखात आहे हे पुढे कळते. दुःखामुळे तिचा तोल का जातो ते समजते. तिच्या हाताचे समर्थन त्यातून होत नाही. माझ्या मुलाला मी हा चित्रपट दाखवला तेव्हा ही गोष्ट त्याला स्पष्ट सांगितली, आणि तरीही सभागृहात ती पियानोवर जर्मन संगीतकार पाखेलबेलची ‘कॅनन’ ही रचना वाजवत असताना नायक गुलाब घेऊन येतो तो प्रसंग आम्ही दोघांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला. आवडलेल्या चित्रपटातली एखादी गोष्ट आयुष्यभर नापसंत ठेवता येते, असे मला वाटते.

उत्तर ३ (बेळगावहून)

एक भर घालते. आपल्या भागात बाजारात कानडी बोलताना ‘बा’ आणि ‘बर्री’, ‘हौदु’ आणि ‘हौद्री’ यांतले अंतर लहान मुलालाही कळते. कोरियनमध्ये वाक्याच्या शेवटी ‘यो’ लावला की तसाच आदर येतो, आणि ही नायिका पुरत्या ओळखीही न झालेल्या तरुणाशी तो ‘यो’ गाळून बोलते. तिच्या उद्धटपणाची निम्मी गंमत या एका अक्षराच्या नसण्यात आहे. उपशीर्षकांत ते उतरत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ती आहे त्यापेक्षा रुक्ष भासते. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या कानांना हे लवकर ऐकू यायला हवे.

खानापूरहून पुन्हा

सर्वांचे आभार. शहापूरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. ‘यो’ची गोष्ट बहिणीला फोनवर सांगितली, येत्या रविवारी ती आली की कॉफी मागवण्याचा तो प्रसंग आम्ही उपशीर्षके बंद करून ऐकणार आहोत.