खिडकीत ऊन नाही, ३०० रुपयांत घरातलं झाड सुचवा

ठाकुर्लीकरीण: पहिला मजला, हॉलच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. ऊन शून्य, पण दुपारी पेपर वाचता येतो. कुंडीसकट ३०० रुपयांत काय येईल? घरात मांजर आहे. मन मोगऱ्यावर आहे, पण ऐकायची तयारी आहे.

प्राजक्ता७४: डोळे मिटून स्नेक प्लांट.

अण्णा_नाशिक: झीझी घ्या. मी पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत १,४०० ला घेतलं. येणारा प्रत्येक जण विचारतो.

ठाकुर्लीकरीण: अण्णा, ३०० म्हटलंय हो.

अण्णा_नाशिक: वस्तू एकदाच घ्यावी, चांगली घ्यावी.

मातीत_हात: मांजर आहे हे कुणी वाचलं का? झीझी, मनी प्लांट, डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग, लाळ. स्नेक प्लांटनेही उलट्या होतात. स्पायडर प्लांट घ्या, त्याचा धोका नाही.

कट्ट्यावरचे_काका: आमच्याकडे मनी प्लांट वीस वर्षं आहे, तीन मांजरं झाली, कुणी तोंड लावलं नाही. वर हवा शुद्ध. नासाने सांगितलंय.

मातीत_हात: काका, नासाचा १९८९ चा तो प्रयोग बंद पेटीतला. हॉलमध्ये त्यापेक्षा खिडकी उघडा.

कट्ट्यावरचे_काका: म्हणजे नासा खोटं बोलते?

रुईचं_पान: झाड कुठलंही घ्या, पाणी आवरा. गेल्या पावसाळ्यात माझ्या चहाबरोबर स्नेक प्लांटलाही रोज पेलाभर. पान धरून ओढलं तर बुडखा लगदा होऊन हातात आला, वास सडक्या बटाट्याचा. आता दोन पेरं बोट मातीत खुपसते, ओल लागली तर पाणी नाही. ताटलीत साठलेलंही ओतून टाका, डास होतात.

सुमेध_व: स्नेक प्लांट बेस्ट.

प्राजक्ता७४: तेच तर मी पहिल्यांदा म्हटलं.

मातीत_हात: मोगरा मांजराला चालतो, पण त्याला पाच-सहा तास ऊन हवं. तुमच्याकडे नुसती पानं वाढतील, कळी धरणार नाही.

ठाकुर्लीकरीण: सगळ्यांचे आभार. स्पायडर प्लांट आणायलाच गेले होते. शेजारी मोगरा होता, १२० रुपये, सात कळ्या. घेतला. संध्याकाळी दोन उमलल्या, हॉलभर वास आहे. मांजराने पानाला तोंड लावलेलं नाही, सरळ कुंडीत जाऊन बसलंय. आता ते कसं उठवायचं?

अण्णा_नाशिक: माझ्या कुंडीत नसतं बसलं. काठ उंच आहे.