आरएफसीतल्या लांब ओळी: ७२ अक्षरांचा हट्ट अजून किती दिवस?

ओळतोड्या (धागाकर्ता)

इंटरनेटची मानकं ज्या दस्तऐवजांतून येतात त्या आरएफसींच्या टेक्स्ट प्रतीत एक ओळ ७२ अक्षरांपुढे जाऊ देत नाहीत. उदाहरणांना डावीकडे तीन जागा सोडतात, म्हणजे हातात ६९ उरतात. पहिली आरएफसी १९६९ सालची. तेव्हाच्या टेलिटाइपवर (संदेश कागदावर छापणारं यंत्र) ओळीत ७२ अक्षरंच मावायची, त्यामुळे त्या काळाबद्दल तक्रार नाही. पण २०१९च्या अखेरीपासून मूळ प्रत एक्सएमएलमध्ये (मजकुराला टॅग लावून लिहायची पद्धत) असते आणि तिच्यातून एचटीएमएल, पीडीएफ, टेक्स्ट काढतात. त्याच बदलात टेक्स्टमधली ५८ ओळींची पानं मोडीत निघाली. ७२ मात्र जागचे हलले नाहीत.

आता लांबलचक यूआरएल, बेस६४ मधली (साध्या अक्षरांत लिहिलेली) डिजिटल सही किंवा एक्सएमएलचा नेमस्पेस (नावांच्या गटाची लांबलचक ओळख) ६९मध्ये कुठून मावणार? जून २०२०च्या आरएफसी ८७९२ने तोडगा दिला: ओळ मोडा, टोकाला बॅकस्लॅश लावा आणि वर तशी सूचना टाका. झालं असं की एचटीएमएल वाचणाऱ्यालाही मोडकीच ओळ दिसते, कारण ती मूळ प्रतीतच मोडलेली असते. टेक्स्टच्या मर्यादेचा भुर्दंड बाकीच्यांनी का भरायचा? मूळ प्रतीत ओळ अखंड ठेवा, टेक्स्ट काढणाऱ्या टूलला ती मोडू द्या.

जुनाट_टर्मिनल

मुद्दा पटला नाही. ८७९२ येण्याआधी काय चालायचं ते आठवा. २०१२ची ओऑथची (पासवर्ड न देता दुसऱ्या ॲपला परवानगी द्यायच्या पद्धतीची) आरएफसी ६७४९ उघडा: जागोजागी 'जादा ओळी फक्त दाखवण्यासाठी मोडल्या आहेत' एवढंच लिहिलंय. मोडलेल्या ठिकाणी मुळात स्पेस होती की नव्हती, हे वाचणाऱ्याने ताडायचं. ८७९२मध्ये नियम ठरलेला आहे. एका बॅकस्लॅशच्या पद्धतीत पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस गाळायच्या. त्याने अर्थ बिघडत असेल तर दुसरी पद्धत, म्हणजे पुढच्या ओळीच्या सुरुवातीलाही बॅकस्लॅश. उलट जोडायला शेल स्क्रिप्ट (टर्मिनलमध्ये चालवायच्या कमांडचा छोटा प्रोग्राम) त्याच आरएफसीत छापलीय.

हे किती लागतं ते एचटीटीपी संदेशांवर सही करण्याच्या आरएफसी ९४२१मध्ये बघा (फेब्रुवारी २०२४). तिथे एक स्पेस इकडची तिकडे झाली की सही जुळत नाही. तिथली उदाहरणं ८७९२च्या सूचनेसकट छापलीत, म्हणून तर पडताळता येतात.

कॉपीपेस्ट_ताई

स्क्रिप्ट आहे हो, पण ती चालवतो कोण? माणूस उदाहरण कॉपी करतो आणि टर्मिनलमध्ये चिकटवतो. गंमत अशी की शेललाही (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) ओळीच्या टोकाचा बॅकस्लॅश कळतो, पण तो पुढच्या ओळीच्या स्पेस गाळत नाही. शब्द मध्येच मोडला असेल तर त्याचे दोन तुकडे होतात आणि कमांड भलतंच काहीतरी करते. जेसनचं (डेटा लिहायची एक पद्धत) त्या मानाने बरं, पार्सर (ते वाचणारा प्रोग्राम) तिथल्या तिथे बोंब मारतो. गप्पपणे चुकणारी उदाहरणं जास्त वाईट. धागाकर्त्याला +१.

यांगवाला

आम्ही नेटवर्क कॉन्फिगरेशनची यांग भाषेतली मॉड्यूलं लिहिणारे लोक या प्रकरणातले मुख्य पीडित, ८७९२ आमच्याच कार्यगटातून निघाली. पायांग या आमच्या टूलला मॉड्यूलची रचना दाखवणाऱ्या झाडाच्या आकृतीच्या ओळीची लांबी आधीच सांगता येते, त्यामुळे तिथे फार त्रास नाही. त्रास आहे उदाहरणांच्या डेटात. तिथे ओळ माणसाने विचार करून मोडली तर वाचायला बरी लागते. यंत्र मोजून ६९ला कापतं, मग अर्ध्या नावावर का असेना. म्हणून 'टूलला मोडू द्या' याला माझा विरोध. ८७९२मध्ये ओळ कुठे मोडायची ते निवडायची मुभा आहे, ती लेखकाने वापरावी.

क्षज्ञ

अवांतर: ७२ अक्षरं म्हणजे नेमकी कुठली? २०१६च्या आरएफसी ७९९७नंतर इंग्रजीबाहेरची अक्षरंही ठराविक जागी चालतात. उद्या उदाहरणात देवनागरी नाव आलं तर 'क्ष' हे युनिकोडमध्ये तीन कोडपॉइंट (अक्षरांचे क्रमांक) आणि यूटीएफ-८मध्ये नऊ बाइट. आंधळ्या मोजणीने हलंताच्या पुढेच ओळ कापली तर 'क्' एका ओळीत आणि 'ष' दुसऱ्या. पडद्यावरची रुंदी तर फाँटवर. ही मर्यादा पूर्णपणे इंग्रजी डोक्यातून आलेली आहे. (हलके घ्या.)

ओळतोड्या

@जुनाट_टर्मिनल: ८७९२ आधीच्या गोंधळापेक्षा बरी, हे मान्यच. पण दाखवण्याचा नियम साठवणुकीत घुसला, यावर तुम्ही बोललाच नाहीत. @यांगवाला, लेखकाने सुचवलेल्या मोडायच्या जागा एक्सएमएलमध्ये खुणेने ठेवता येतील की. एचटीएमएलने त्या खुणा सोडून द्याव्यात.

जुनाट_टर्मिनल

म्हणजे प्रत्येक लेखकाने आणखी एक टॅग शिकायचा, आणि तपासणाऱ्याने दोन प्रती बघायच्या: एकीत ओळ अखंड, दुसरीत मोडकी. मसुद्याच्या दोन आवृत्त्यांतला फरक मी आजही टेक्स्टवरच बघतो. आणि सगळंच काही मोडता येत नाही. पॅकेटच्या (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याच्या) रचनेची चौकट घ्या. ३२ बिटांना प्रत्येकी दोन अक्षरं आणि शेवटची कड, एकूण ६५. ही आकृती ६९मध्ये बसते, आणि न बसती तर कुठलाही बॅकस्लॅश तिला वाचवू शकला नसता. तुमची मर्यादा १२०वर नेली की लेखक १२० अक्षरांच्या चौकटी काढणार, मग त्या मोबाइलवर आडव्या सरकवत बसा.

कॉपीपेस्ट_ताई

मोबाइलवर ७२सुद्धा आडवंच सरकवावं लागतं, काका. आणि मर्यादा १२० करा असं इथे कोणीच म्हटलेलं नाही. चौकटी ६९मध्येच राहू देत, मागणी फक्त कोडच्या उदाहरणांपुरती आहे. एक्सएमएलमध्ये आकृती आणि कोड यांना आधीच वेगवेगळे टॅग आहेत, म्हणजे फरक करणं टूलला जड नाही.

जुनाट_टर्मिनल

कोडपुरतं असेल तर ऐकायला तयार आहे. पण आधी कोणीतरी ९४२१मधलं एखादं उदाहरण तसं करून दाखवा, टेक्स्ट प्रतीतून परत जोडल्यावर सही जुळते का ते बघू.