थ्रीडीएसचा स्लायडर: वर की खाली?

खोलपाणी: भाच्याने माळ्यावरून माझा जुना निन्टेन्डो थ्रीडीएस खाली काढला. "मामा, हे बटण कशाचं?" ते म्हणजे थ्रीडीचा स्लायडर. हातात धरून गेम खेळायचं २०११चं यंत्र, चष्मा न लावता चित्र आत खोल गेलेलं दिसायचं. बहुतेकांनी तो स्लायडर कायमचा खाली, म्हणजे थ्रीडी बंद, ठेवला आणि 'नुसता गिमिक' म्हणून मोकळे झाले. मला नाही पटत. 'सुपर मारियो थ्रीडी लँड' या त्यावरच्या गेममध्ये डोळ्यांना फसवणाऱ्या काही खोल्या आहेत. सपाट चित्रात तिथले ठोकळे एकमेकांना खेटून दिसतात, उडी मारली की मारियो सरळ खड्ड्यात. स्लायडर वर केला की कुठला ठोकळा जवळचा ते बघताक्षणी कळतं.

सावलीवाला: असहमत. त्या खोल्या थ्रीडीची जाहिरात करायलाच बनवल्यात हो! एरवी मारियोच्या पायाखाली सावली असते, तिच्यावर नजर ठेवून उडी मारायची. १९९६च्या 'सुपर मारियो ६४'पासून हेच चालत आलंय. पुढच्या वस्तूने मागची झाकली जाते, लांबची लहान दिसते, कॅमेरा हलला की जवळची भरकन सरकते. एवढ्यावर मेंदूचं भागतं. निन्टेन्डोनेच २०१३ मध्ये थ्रीडी काढून टाकलेला टूडीएस आणला आणि तुमचा 'थ्रीडी लँड' त्यावरही पूर्ण करता येतो.

खोलपाणी: पूर्ण करता येतो, मान्य. भाजी मिठाशिवायही शिजते.

सोल्डरिंग: दोघेही मूळ दुखणं सोडून बोलताय. वरचा पडदा आडवा ८०० पिक्सेलचा, पण उभ्या बारीक पट्ट्यांचा अडसर घालून त्यातले ४०० डाव्या डोळ्याला, ४०० उजव्याला. मान जरा कलली की दोन-दोन मारियो! एसटीत खेळून बघा एकदा. शिवाय दृश्य 'खोल' असलं तरी डोळ्यांना फोकस पडद्यावरच धरावा लागतो, म्हणून कपाळ दुखतं. २०१४ मध्ये जपानात आलेल्या न्यू थ्रीडीएसने कॅमेऱ्याने चेहऱ्याचा माग ठेवून दोन-दोन दिसणं बरंच कमी केलं. तोवर लोकांची मतं बनून गेली होती.

डावा_डोळा_रजेवर: माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. मित्राने स्लायडर वर करून "बघ, कसलं आत गेलं!" म्हटलं तेव्हा मी नुसती मान डोलावली. मला काहीही दिसलं नव्हतं. तरी 'थ्रीडी लँड' मी संपवलाय, त्या खोल्यांसकट. चुकत, पडत, पाठ करत. तेव्हा सावलीवाल्यांना +१.

पण प्रामाणिकपणे सांगतो, रस्ता ओलांडताना मला काही अडत नाही, अडतं ते हाताच्या अंतरावर. सुईत दोरा ओवणं बायकोकडे. चहा ओततानाही पातेल्याची कड कपाला टेकवल्याशिवाय ओतत नाही. दोन डोळ्यांचा खरा फायदा जवळच्या कामात असावा.

सावलीवाला: हे बरं झालं. म्हणजे गेममध्ये गरज नाही, स्वयंपाकघरात आहे :)

खोलपाणी: उलट! मारियोची उडी म्हणजे कपात चहा ओतण्यासारखंच काम, अंदाज एका बोटाने चुकला की गेला. आत्ताच एक डोळा मिटून गाळून बघितला. अर्धा ओट्यावर.

भाच्याने स्लायडर वरच ठेवलाय. दर दहा मिनिटांनी डोळे चोळतोय, ते मात्र खरं.